मूळ विषयांना दुय्यम लेखणारी पदवी

जुहूच्या जुन्या विमानतळाभोवती तीन-चार मैलांचा परीघ आखला, तर व्यवसाय-व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी देणाऱ्या ज्या संस्था त्याच्या आत येतात, त्यांतील काहींचा लौकिक साऱ्या देशात आहे. विलेपार्ल्याची नरसी मोनजी संस्था आणि अंधेरीच्या मुन्शी नगरातील एस. पी. जैन संस्था या दोन्हींचा जन्म 1981 सालचा, आणि त्यांपैकी दुसरीचे उद्घाटन तर ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते झालेले. महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या जुहू संकुलात जानकीदेवी बजाज यांच्या नावाची व्यवस्थापनसंस्था 1997 पासून नांदते आहे. प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले की या संस्थांच्या, आणि महाराष्ट्रभर पसरलेल्या त्यांच्या शेकडो लहानमोठ्या भावंडांच्या, कचेऱ्यांत चौकशीची रीघ लागते. आणि मुलामुलींसमवेत आलेले आईवडील, काका, मामा, जो तो पहिला प्रश्न विचारतो तो एकच: स्पेशलायझेशन कशात मिळेल? फायनान्स, मार्केटिंग की एचआर?

पहिल्या वर्षी सर्वांना सक्तीने शिकावे लागणारे जे विषय आहेत, ज्यांना विद्यार्थी आपापसांत ‘कोअर’ म्हणतात, त्यांच्याविषयी चौकशी करणारा पालक आमच्या तरी पाहण्यात नाही. वित्तीय लेखाशास्त्र, व्यवस्थापकीय अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संघटनेतील मानवी वर्तन, उत्पादन व परिचालन, विपणन, वित्त, व्यापारी कायदा ही त्यांची साधारण यादी. हा जणू एक जकातनाका आहे, येथे उत्तीर्णतेपुरते गुण भरावेत, पावती घ्यावी आणि दुसऱ्या वर्षाच्या मोकळ्या रस्त्याला लागावे, अशी धारणा विद्यार्थ्यांत दृढ झालेली आहे. आणि संस्थांचे वेळापत्रक, त्यांची माहितीपत्रके व नोकरभरतीसाठी येणाऱ्या कंपन्यांचे अर्ज या धारणेला खतपाणीच घालतात. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या पदवीत विद्यापीठाने शिकवावे असे जर काही असेल तर ते हे मूळ विषयच होत. विशेषीकरण हे नोकरीत वर्ष-सहा महिन्यांत, पगार घेता घेता, आणि बहुधा अधिक चांगल्या रीतीने, शिकता येते.

या विषयांची ही मांडणी कोठून आली हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या व्हार्टन शाळेने 1881 साली व्यापारशिक्षणाला विद्यापीठाचे दार उघडले, आणि 1908 साली हार्वर्डने पदवीनंतरचे दोन वर्षांचे शिक्षण सुरू करून कारखानदारी, हिशेब, कायदा आणि बाजारपेठ हे विषय एकाच छत्राखाली आणले. पुढे 1959 साली फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या आश्रयाने प्रसिद्ध झालेल्या अहवालांनी या शाळांवर पांडित्याच्या अभावाचा ठपका ठेवला, आणि त्या धक्क्यासरशी अभ्यासक्रम गणिताकडे व सिद्धान्ताकडे झुकला. आपल्याकडे हे शिक्षण नेमके त्याच सुमारास आले. कलकत्ता आणि अहमदाबाद येथील संस्था 1961 च्या. मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या साहाय्याने चर्चगेटजवळ जमनालाल बजाज संस्था काढली ती 1965 साली. म्हणजे आपल्या हाती पडला तो पंडितांनी नुकताच घासूनपुसून, कप्पेबंद करून ठेवलेला अभ्यासक्रम. आणि अर्धशतक उलटले तरी ते कप्पे आपण तसेच जपून ठेवले आहेत. प्रत्येक विषयाचा प्राध्यापक निराळा, पुस्तक निराळे, प्रश्नपत्रिका निराळी. लेखाशास्त्राच्या तासाला कायद्याचा प्रश्न विचारला तर ‘ते पुढच्या सेमिस्टरला’ असे उत्तर मिळते.

परंतु धंद्यातील अडचण कप्पे पाडून येत नाही, आणि हे पाहण्यासाठी बॉस्टनला जाण्याचे कारण नाही. जुहूच्या त्या विमानतळाच्या कुंपणाशी उभे राहिले तरी पुरे. 15 ऑक्टोबर 1932 या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे चिमुकले विमान स्वतः हाकीत अहमदाबादमार्गे याच मैदानावर उतरले, आणि तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट हे टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. या प्रसंगाचे वर्णन आपण नेहमी साहसकथा म्हणून करतो. दोन लहान विमाने, तट्ट्यांची एक शेड, मोजके यंत्रज्ञ आणि सुमारे दोन लाख रुपयांचे भांडवल एवढ्या सामग्रीतून पुढे एअर इंडिया उभी राहिली, हे वाचताना ऊर भरून येणे साहजिकच आहे. तथापि ऊर भरून आल्यावर हिशेबाची वही उघडावी, आणि व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाचा एकेक विषय त्या वहीला लावून पाहावा, एवढेच आमचे म्हणणे.

लंडनहून इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत आलेले टपाल पुढे मुंबई-मद्रासला रेल्वेने जात असे. ते विमानाने न्यावे, ही व्हिन्सेंट यांची कल्पना. ती घेऊन ते टाटांकडे आले 1929 साली, आणि सरकारशी बोलणी होऊन करारमदार पुरा होण्यास 1932 साल उजाडले. या मधल्या काळात सरकार-दरबारी जो पत्रव्यवहार झाला असेल, ज्या मखलाशा आणि हरकती निघाल्या असतील, तो सारा कायद्याचा आणि वाटाघाटीचा अभ्यास आहे. सरकारने अनुदान दिले नाही, किमान उत्पन्नाची हमीही दिली नाही. जेवढे टपाल नेले जाईल तेवढ्याचा मोबदला, एवढीच अट. आता येथे अर्थशास्त्राचा पहिलाच पाठ उभा राहतो. विमान रिकामे उडाले काय आणि भरलेले उडाले काय, पेट्रोल, वैमानिक आणि देखभाल यांचा खर्च जवळजवळ तेवढाच; उत्पन्न मात्र सर्वस्वी थैलीच्या वजनावर. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील भेद पाठ करून परीक्षेत लिहिणारा विद्यार्थी आणि त्या थैलीकडे पाहून रात्री झोप न येणारा व्यवस्थापक, यांच्यामधील अंतर कमी करणे हेच तर या शिक्षणाचे काम.

याहून मौजेचा भाग पावसाळ्याचा आहे. जुहूचे मैदान समुद्राला लागून, भरतीच्या पातळीला टेकलेले. जून लागला की ते चिखलात जाई आणि विमान उतरवणे अशक्य होई. तेव्हा टाटांच्या सेवेने आपला मुंबईचा मुक्काम पावसाळ्यापुरता पुण्याला हलवला. हा निर्णय कोणत्या विषयाचा? परिचालनाचा म्हणावा, तर पुण्याला उतरलेले टपाल मुंबईला न्यायचे तो वेळ आणि तो खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न हिशेबाचा. टपाल ठरल्या वेळी पोहोचले नाही तर करारभंग होतो की नाही, हा प्रश्न कायद्याचा. यंत्रज्ञांनी चार महिने बिऱ्हाड कोठे करायचे, हा प्रश्न माणसांचा. आणि नियमितपणाची जी ख्याती अजून कमवायची होती तिला बाध येतो का, हा प्रश्न बाजारपेठेचा. एका चिखलाने पाच प्रश्नपत्रिका एकत्र केल्या. दुसऱ्या वर्षी ‘ऑपरेशन्स’ निवडलेल्या विद्यार्थ्याला पुण्याचा पर्याय सुचेल, ‘फायनान्स’वाल्याला त्याचा खर्च दिसेल, पण तो पर्याय घ्यावा की न घ्यावा हे ज्याला ठरवायचे आहे, त्याला या दोघांची भाषा आली पाहिजे, आणि ती भाषा पहिल्या वर्षीच यायची.

लेखाशास्त्राविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण विद्यार्थ्यांचा सर्वांत अधिक राग या विषयावर असतो, आणि अभियांत्रिकीकडून आलेल्या मुलांचा तर विशेष. नावे-जमा, खतावणी, तेरीज, ताळेबंद ही कारकुनी कामे आहेत आणि ती आता संगणक करतो, मग आम्ही कशाला शिकायची, असा त्यांचा सवाल असतो. त्याचे उत्तर त्या दोन विमानांतच आहे. समजा, एक विमान चाळीस हजारांस घेतले आणि ते पाच वर्षे चालेल असा अदमास केला. ही सारी रक्कम पहिल्याच वर्षी खर्ची टाकली तर धंदा बुडीत दिसेल आणि घाबरलेले भागीदार तो बंद करतील. दरसाल आठ हजारांचा घसारा धरला तर कदाचित तोच धंदा नफ्यात दिसेल. आणि कोणी धूर्त मनुष्याने विमान दहा वर्षे चालेल असे लिहून घसारा चार हजारांवर आणला, तर नफा आणखी फुगेल, आणि सहाव्या वर्षी विमान मोडीत निघाल्यावर सत्य बाहेर येईल. रोकड तीच, विमान तेच, उड्डाणे तीच. नफा मात्र तीन प्रकारचा. बेरीज संगणक करील, पण पाच वर्षे की दहा, हे तो ठरवत नाही. ते लिहिणारा मनुष्य ठरवतो, आणि त्या एका आकड्यात त्याचा अनुभव, त्याची नियत आणि त्याचे भय ही तिन्ही उतरलेली असतात. हा विषय कारकुनी आहे असे म्हणणाऱ्याने तो अद्याप वाचलाच नाही. अष्टप्रधानांत जमाखर्च पाहणाऱ्या अमात्याला, म्हणजे मुजुमदाराला, मानाचे आसन होते हे आपण शाळेत शिकतो, आणि दप्तर सांभाळणाऱ्या फडणिसाच्या हाती पेशवाईत राज्य आले हेही शिकतो. तरी हिशेब म्हणजे हलके काम ही समजूत आपल्या मनातून जात नाही.

अर्थशास्त्राचे उदाहरण हवे असेल तर जुहूहून इर्ल्याच्या नाल्यापलीकडे, रेल्वेचे रूळ ओलांडून, विलेपार्ले पूर्वेस जावे. 1929 साली तेथे सुरू झालेला आणि 2016 साली बंद झालेला पार्ले बिस्किटांचा कारखाना ज्यांनी पाहिला, किंवा ज्यांनी लोकलच्या दारात उभे राहून तो गोड भाजका वास घेतला, अशा कित्येक पिढ्या उपनगरांत आहेत. त्या बिस्किटाच्या लहान पुड्याची किंमत वर्षानुवर्षे न वाढवता त्याचे वजन हळूहळू घटवीत नेणे, हा व्यवस्थापकीय अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभावा असा निर्णय आहे: ज्या गिऱ्हाइकाच्या हातात पाचाचे एकच नाणे असते, त्याला सहाचा पुडा महाग वाटत नाही, तो त्याला अप्राप्य होतो. मागणीची लवचिकता फळ्यावर काढलेल्या वक्ररेषेवरून शिकवली जाते. ती या पुड्यावरून शिकवावी, आणि मग विद्यार्थ्यांना विचारावे की किंमत तीच ठेवून वजन घटवणे हे गिऱ्हाइकाशी कितपत सचोटीचे. या प्रश्नावर वर्ग दुभंगेल, आणि दुभंगावाच.

संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, संज्ञापन यांच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. ते साधनांचे विषय आहेत आणि वापरानेच येतात. मानवी वर्तनाच्या विषयाविषयी मात्र एक तक्रार नोंदवतो. त्याची पाठ्यपुस्तके अमेरिकन कचेरीतील माणूस गृहीत धरून लिहिलेली असतात. ज्याला वरिष्ठाला ‘साहेब’ म्हटल्यावाचून बोलता येत नाही, जो सुट्टीचा अर्ज ‘विनंतीस मान द्यावा’ या शब्दांनी संपवतो, ज्याचा मुकादम त्याच्याच गावचा असतो, तो माणूस त्यांत सापडत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला अलीकडे प्रत्येक वर्गात दिला जातो, आणि हार्वर्डने 2010 साली त्यांच्यावर अभ्यासलेख काढल्यापासून तर अधिकच. इतका, की त्या बिचाऱ्यांना आता थोडी विश्रांती द्यावी. जुहू कोळीवाड्यातील मासळीचा व्यवहार, पहाटे माल घेणारी आणि सांजेपर्यंत तो नासण्याच्या आत विकणारी कोळीण, तिचे उधारीचे गिऱ्हाईक आणि तिच्या शब्दावर माल देणारा व्यापारी, हे सारे अद्याप कोणत्याच प्रश्नपत्रिकेत आलेले नाही.

कायद्याचे पाहा. जुहूच्या विमानतळावरून आता प्रवासी विमाने उडत नाहीत. मोठी वाहतूक केव्हाच सांताक्रूझला गेली आणि येथे राहिली ती मुख्यतः हेलिकॉप्टरे, त्यांतली बरीच बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे कामगार नेणारी. परंतु धावपट्टी असल्यामुळे तिच्या आसपासच्या इमारतींच्या उंचीवर निर्बंध आहेत, आणि ‘फनेल झोन’ हा शब्द जुहू, पार्ले, सांताक्रूझ येथील जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांत लहान मुलाच्याही तोंडी असतो. चार मजल्यांची मोडकळीला आलेली इमारत, पुनर्विकास करायचा तर वर मजले चढवता येत नाहीत, मजले चढत नाहीत म्हणून विकासकाला विकायला जागा उरत नाही, विकायला जागा नाही म्हणून तो करार करत नाही, आणि करार नाही म्हणून गळक्या छताखाली म्हातारी माणसे बसून. विमानवाहतुकीचा कायदा, जमिनीचे अर्थशास्त्र, सहकारी संस्थेच्या सभेतील भांडणे आणि विकासकाचा रोकडप्रवाह यांचा असा गुंता ज्याला एका कागदावर मांडता येईल, त्याला मूळ विषय समजले असे आम्ही म्हणू, मग त्याचे विशेषीकरण कशातही असो. व्यापारी कायद्याच्या तासाला मात्र अजूनही इंग्लंडातल्या एकोणिसाव्या शतकातील करारांचे खटले घोकले जातात.

आता नीतीविषयी. बहुतेक अभ्यासक्रमांत व्यावसायिक नीतिमत्ता हा एक स्वतंत्र, बहुधा कमी गुणांचा पेपर असतो, आणि स्वतंत्र असल्यामुळेच तो निष्प्रभ होतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले आज्ञापत्र, जे सन 1715 च्या सुमारास रचले गेले असे मानतात, त्याकडे आम्ही या दृष्टीने पाहतो. त्यात सावकारांचा सांभाळ, परदेशी टोपीकरांपासून घ्यावयाची सावधगिरी, किल्ल्यांची व्यवस्था, वतने, आरमार असे राज्यकारभाराचे विषय ओळीने येतात; आणि आरमाराला लाकूड हवे या सर्वस्वी व्यावहारिक प्रकरणातच, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली झाडे बळजोरीने तोडू नयेत, धन्याला राजी करून व मोल देऊनच घ्यावीत, असा दंडक येतो. नीतीचे निराळे प्रकरण तेथे नाही. लाकूडखरेदीच्या नियमातच ती आहे. सामग्री कशी मिळवावी हे शिकवणाऱ्यानेच ती कोणापासून आणि कोणत्या रीतीने मिळवावी हेही शिकवावे, ही त्या ग्रंथाची पद्धत आजच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा शहाणपणाची आहे.

लंडन येथे अध्यापन करणारे, मूळचे कलकत्त्याचे सुमंत्र घोषाल यांचा एक निबंध त्यांच्या निधनानंतर 2005 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्यांनी असा अभियोग मांडला की माणूस केवळ स्वार्थीच असतो या गृहीतकावर उभे केलेले सिद्धान्त शिकवून व्यवस्थापन-शाळा आपल्या विद्यार्थ्यांना नैतिक उत्तरदायित्वातून मोकळे करीत आहेत. म्हणजे दोष नीतीच्या पेपरात नसून वित्ताच्या आणि अर्थशास्त्राच्या पेपरात आहे. हा अभियोग मुंबईकराला तरी परका वाटू नये. भांडुपास मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध लादले, आणि कर्जाचा फार मोठा भाग एकाच बांधकाम-समूहाकडे गुंतलेला असल्याचे उघडकीस आले, तेव्हा उपनगरांतील निवृत्त शिक्षक, रिक्षाचालक आणि गृहनिर्माण संस्था यांचे पैसे अडकले. आरंभी तर सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. सारी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हा वित्तशास्त्राचा पहिला धडा, हिशेबाने ते दाखवलेच पाहिजे हा लेखाशास्त्राचा, ठेवीदाराचा पैसा हा विश्वस्ताचा पैसा होय हा नीतीचा. हे धडे वेगवेगळ्या खोल्यांत शिकवले, की कोणत्याच खोलीत पुरते उमगत नाहीत.

विश्वस्ताचा उल्लेख आला म्हणून जुहूचीच आणखी एक आठवण नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. 1924 साली येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्यावर, आणि पुन्हा 1944 साली आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर, गांधीजी प्रकृती सुधारण्यासाठी जुहूच्या किनाऱ्यावर राहिले होते, आणि धनिकाने आपल्या संपत्तीचे विश्वस्त व्हावे ही त्यांची शिकवण अंगी बाणवू पाहणाऱ्यांत जमनालाल बजाज अग्रगण्य. त्यांच्या पत्नी जानकीदेवी यांनी पडदा झुगारला, दागिने त्यागिले, पुढे भूदानाच्या कार्यात त्या विनोबांसमवेत राबल्या आणि 1956 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्या उभयतांची नावे मुंबईतल्या दोन व्यवस्थापनसंस्थांना लाभलेली आहेत. त्या संस्थांतील वित्ताच्या तासाला विश्वस्तपणाचा सिद्धान्त भागधारकांच्या सिद्धान्तासमोर उभा करून दोहोंची झुंज लावली जावी, ही अपेक्षा वावगी म्हणता येणार नाही.

आमच्या म्हणण्यावर जो आक्षेप येईल तो आम्हांला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. या शिक्षणाचे शुल्क लाखांच्या घरात जाते. बापाने घर गहाण टाकून किंवा मुलीने स्वतःच्या नावावर बँकेचे कर्ज काढून ते भरलेले असते. आणि हप्ते सुरू होण्याची मुदत तत्त्वज्ञानासाठी थांबत नाही. कंपन्या प्लेसमेंटला येतात त्या ‘ब्रँड मॅनेजर हवा’, ‘क्रेडिट ॲनॅलिस्ट हवा’ असे म्हणत येतात. ‘सर्व बाजूंनी विचार करणारा मनुष्य हवा’ अशी मागणी घेऊन कोणी येत नाही. अशा स्थितीत विशेषीकरण कमी करणे म्हणजे मुलांच्या पोटावर पाय देणे, असे कोणी म्हणाले तर त्याचा राग येण्याचे कारण नाही. परंतु नोकरी देणारा ज्या कौशल्यासाठी उमेदवाराला आज घेतो, ते कौशल्य काही वर्षांत जुने होते. संगणकावर ताळा काढण्याचे, जाहिरातींच्या दरांची तुलना करण्याचे, कर्जाच्या अर्जाची पहिली छाननी करण्याचे काम यंत्र झपाट्याने आपल्याकडे घेत आहे, आणि हीच विशेषीकरणाच्या पदवीधराची पहिली नोकरी असते. ताळेबंदातला अदमास खोटा आहे हे ओळखणे, करारातली पळवाट दिसणे, चिखलामुळे मुक्काम हलवावा की नाही हे ठरवणे, ही कामे जुनी होत नाहीत. कर्ज फेडायचे ते एका वर्षात नाही. दहा-पंधरा वर्षांच्या नोकरीतून फेडायचे आहे, आणि पहिल्या वर्षाच्या विषयांचा उपयोग त्या लांबच्या वर्षांतच पडतो.

कॅनडाचे हेन्री मिंट्झबर्ग यांनी 2004 साली एका ग्रंथात या पदवीवर कोरडे ओढले, आणि तिच्यात व्यवसायाचे निरनिराळे विभाग शिकवतात, व्यवस्थापन शिकवत नाहीत, असे म्हटले. मूळ विषय आज ज्या रीतीने शिकवले जातात त्यांना हा आक्षेप तंतोतंत लागू पडतो, आणि म्हणूनच त्यांचा मान वाढवा एवढे म्हणून भागणार नाही. त्यांची बैठकही मोडावी लागेल. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शाळेने 2006 साली विषयांची नावे बाजूस ठेवून गिऱ्हाईक, गुंतवणूकदार, कामगार, प्रतिस्पर्धी अशा दृष्टिकोनांभोवती मूळ अभ्यासक्रम रचून पाहिला. तसाच्या तसा तो येथे आणावा असे आम्ही म्हणत नाही, आयात केलेल्या अभ्यासक्रमांचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. तथापि तीन गोष्टी मुंबईतील कोणत्याही संस्थेला आजही करता येतील. विशेषीकरण चौथ्या सेमिस्टरपर्यंत लांबवावे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस आठ प्रश्नपत्रिकांऐवजी निदान एक परीक्षा अशी असावी की जिच्यात जुहूच्या विमानतळासारखे एक स्थानिक प्रकरण कागदपत्रांसह द्यावे, आणि लेखा, कायदा व मानवी वर्तन या तीन विषयांच्या परीक्षकांनी एकत्र बसून तोंडी तपासणी घ्यावी. आणि हे प्रकरण विद्यार्थ्यांनी स्वतः गोळा केलेले असावे. सोसायटीचे इतिवृत्त, पालिकेची नोटीस, फेरीवाल्याचा परवाना हे दस्तऐवज मराठीत असतात, तेव्हा त्यांवरचा अहवाल मराठीत लिहिण्याची मुभाही असावी.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 साली या पदवीचा आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, परंतु तो नमुना आहे, हुकूम नव्हे. अभिमत विद्यापीठांना आणि स्वायत्त संस्थांना आपला पाठ्यक्रम आपणच ठरवण्याचा अधिकार आहे. महिला विद्यापीठाच्या जुहूतील संस्थेपुरते बोलायचे तर अभ्यासमंडळ विद्यापीठाचेच. या बदलासाठी मंत्रालयाचे उंबरे झिजवावे लागणार नाहीत. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक कलम घालावे लागेल, आणि तीन प्राध्यापकांना एका टेबलाशी बसण्यास राजी करावे लागेल. विद्यापीठांत ज्यांनी आयुष्य काढले आहे ते सांगतील की यांतले दुसरे काम अधिक अवघड आहे.